पेशी-आसंजक रेणू आणि अक्षतंतूची वाढ

पेशींना एकमेकींशी व भोवतालच्या आधारद्रव्याशी जोडणारी, पेशीपटलावरील प्रथिने. चेतापेशीत ती नुसती चिकटवत नाहीत, अक्षतंतूला, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूला, वाढण्याचा संदेशही देतात.

वाढत्या अक्षतंतूच्या टोकाला वाट चाचपडणारा वृद्धिशंकू असतो. सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये त्याचे वर्णन केले. शेजारच्या पेशीवरील एनकॅम, एल-१ किंवा एन-कॅडहेरिन हे रेणू शंकूवरील जोडीदार रेणूंशी जुळले, की शंकूवरील एफजीएफ (वृद्धिघटक) ग्राही जागा होतो, कॅल्शियम आत शिरते आणि ॲक्टिनचा सांगाडा पुढे सरकतो. एल-१ च्या जनुकात दोष असल्यास बाळाच्या मेंदूत पाणी साठू शकते.

हातापायाची नस तुटल्यावर अक्षतंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशी हेच रेणू वाढवतात. त्यांच्या आधाराने अक्षतंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर पुढे जातो.

हीच आसंजनाची यंत्रणा कुष्ठरोगाचा जंतूही वापरतो. श्वान पेशीभोवतीचे लॅमिनिन आणि तिच्यावरील डिस्ट्रोग्लायकन या प्रथिनांना धरून तो नसेत शिरतो, हे १९९७-९८ मध्ये दिसून आले. मग बोटे बधिर होतात, चटका कळत नाही, जखमा चिघळतात.

वऱ्हाडाने हे दुःख जवळून पाहिले आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीत कुष्ठरुग्णांसाठी ‘तपोवन’ ही संस्था उभारली. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अचलपूरजवळ कोठारा येथेही कुष्ठरुग्णांवर उपचार होत आले आहेत. बहुऔषधी उपचाराने जंतू मरतो, पण फार दिवस दबलेली नस पूर्ववत होतेच असे नाही. म्हणून बधिर चट्टा दिसताच तपासणी करणे महत्त्वाचे ठरते.