छापखान्यापासून मोबाइलपर्यंत : गोव्यातील शब्दाची वाट

गोव्यातील काही जुन्या घराण्यांत चवथीला मातीची मूर्ती आणत नाहीत, कागदावर रेखाटलेला गणपती पुजतात. इन्क्विझिशनच्या काळात मूर्तिपूजेला बंदी होती. कोणी झडतीला आले तर चटकन लपवता यावा म्हणून ही रीत पडली, असे वडीलधारी सांगतात. विद्येच्या देवतेलाच जिथे लपावे लागले, तिथे शब्दाची काय कथा! आज घरोघर इंटरनेट पोहोचवावे आणि त्यावर मोकळेपणाने बोलता यावे, अशी चर्चा जगभर चालू आहे. साधन हाती असणे आणि ते वापरण्याची मोकळीक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गोवा इंटरनेटच्या कितीतरी आधी शिकला आहे.

भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. पुढे १६८४ च्या फर्मानाने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मावले. १७५४ मध्ये तर पोर्तुगाल सरकारने इथल्या छपाईवरच बंदी घातली. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल १७८० च्या दशकात सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीज अमलाखाली गेले आणि 'नव्या काबिजादी' म्हणवले जाऊ लागले, तेव्हा देशात प्रथम छापखाना आणणाऱ्या या भूमीत छापलेला शब्द मिळणे बंद झालेले होते. छपाई पुन्हा सुरू झाली ती १८२१ मध्ये, 'गॅझेट द गोवा' या सरकारी पत्राच्या रूपाने.

१९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि येथील हिंदू समाजाला थोडा मोकळा श्वास घेता आला. गो. पु. हेगडे देसाई यांनी १९१२ मध्ये केप्याहून 'भारत' पत्र सुरू केले. पण १९२६ च्या लष्करी उठावानंतर आणि पुढे सालाझारच्या हुकूमशाहीत पूर्वतपासणीचा फास आवळला गेला. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे, हे त्या पिढीतील अनेकांनी सांगितले आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. त्यात परकी सत्तेला आव्हान होतेच. शिवाय चार माणसांनी एकत्र येऊन बोलण्याचा साधा हक्कही होता.

गोव्याच्या आत तोंड बंद होते, म्हणून शब्द सीमेपलीकडून येऊ लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. सावंतवाडीच्या बाजूला आंबोलीच्या रानातून, पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून, कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये बातम्या जात. छापलेला कागद पोलिसांना हिसकावता येई, हवेतल्या लहरी कोणी अडवायच्या? त्याच वर्षी १५ ऑगस्टला पेडणे तालुक्यातील पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पंजाबहून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल यांनी तिथे देह ठेवला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा सरदेसाई-लोबो यांनीच विमानातून ध्वनिक्षेपकावर ही वार्ता दिली.

मुक्तीनंतर वाट रुंदावली. पेडण्यात जन्मलेले पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या. वाचता येणे ही शब्दापर्यंत पोहोचण्याची पहिली पायरी. १९६२ मध्ये दैनिक 'गोमन्तक' निघाले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने आणि 'राष्ट्रमत' विरुद्ध बाजूने उभे राहिले. घराघरांत वाद झाले, कौल ३४,०२१ मतांनी लागला. निकालाचे सुखदुःख ज्याचे त्याला. पण पाच-सहा वर्षांपूर्वी जिथे लग्नपत्रिका तपासली जाई, तिथे दोन दैनिके उघड भांडली, याचे मोल आम्हांला मोठे वाटते.

१५ ऑगस्ट १९९५ पासून भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले. गोवा सरकारने २००२ मध्ये 'सायबरएज' योजनेतून विद्यार्थ्यांना संगणक दिले, पुढे ब्रॉडबँडचे जाळे तालुक्यांपर्यंत नेले. तरी २०२० च्या टाळेबंदीत सांगे तालुक्यातील कुमारी गावची मुले नेटवर्कसाठी डोंगर चढून नेत्रावळीच्या रानात वर्गाला बसत होती. आम्ही सरकारी नोकर, रोज पाहतो : अर्ज ऑनलाइन झाले, पण डोंगरापलीकडच्या माणसाला एका दाखल्यासाठी अजून बाजारापर्यंत यावे लागते. फिनलंडने २०१० मध्ये ब्रॉडबँड हा नागरिकाचा कायदेशीर हक्क ठरवला; आपल्याला तिथवर जायचे आहे.

आणि मोकळीक? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने फेसबुकवर मत लिहिले होते, दुसरीने त्याला फक्त 'लाइक' दिला होता. त्यातूनच चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. १० जानेवारी २०२० च्या निकालात इंटरनेटवरील अभिव्यक्तीला घटनेचे संरक्षण असल्याचे सांगून, बेमुदत इंटरनेटबंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे न्यायालयाने बजावले. इजिप्तने २०११ च्या आंदोलनात काही दिवस देशभरचे इंटरनेट तोडले होते. तोडण्याची कळ एकाच हाती असली की काय होते, हे १७५४ च्या गोव्याने आधीच पाहिले होते.

छापखाना असताना छापता येत नव्हते, हे आमच्या पूर्वजांनी सोसले. आज छापायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून खोटी बातमी पुढे ढकलण्याआधी थांबणे ही आपलीच जबाबदारी आहे. आपल्या मुलांना मोबाइल देताना ही कथाही द्यावी. पत्रादेवीच्या स्मारकापाशी कधी गाडी थांबवली, तर मुलांना एवढेच सांगावे की आज तुम्ही जे सहज लिहिता, ते बोलता यावे म्हणून इथे माणसे गोळीपुढे उभी राहिली.