रेषीय असमानता : बिंदूचा पडताळा
दोन चलांतील रेषीय असमानतेची उकल म्हणजे ती सत्य ठरवणाऱ्या सर्व बिंदूंचा संच. पडताळ्यासाठी बिंदूचे निर्देशक चलांच्या जागी ठेवून येणारे विधान खरे की खोटे, एवढेच पाहायचे. उदा., २क्ष + ३य ≤ १२ मध्ये (५, ०) ठेवल्यास १० ≤ १२ हे खरे. (०, ५) ठेवल्यास १५ ≤ १२ हे खोटे. निर्देशकांची अदलाबदल झाली की उत्तर बदलू शकते, म्हणून क्रम जपावा. (३, २) हा बिंदू नेमका २क्ष + ३य = १२ या रेषेवर आहे; तो ≤ असताना उकलीत येतो, < असताना येत नाही. विद्यार्थ्यांचे गुण बहुधा याच सीमारेषेवर जातात.

ही रेषा प्रतलाचे दोन भाग करते आणि एका बाजूचे सर्व बिंदू सारखेच वागतात. त्यामुळे एकच बिंदू तपासून संपूर्ण अर्धप्रतल ठरवता येते, हे या पद्धतीचे खरे सौंदर्य. रेषा आरंभबिंदूतून जात नसेल तर (०, ०) सर्वांत सोयीचा. अनेक असमानता एकत्र असल्यास बिंदूने प्रत्येक पाळली पाहिजे; अशा सर्व बिंदूंचा मिळून सामाईक प्रदेश बनतो. गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी सर्वोत्तम उकल शोधण्यासाठी १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धती अशाच सामाईक प्रदेशाच्या शिरोबिंदूंवरून पुढे सरकते.