फील्डबसचे प्रमाणीकरण : एक ऐतिहासिक टिपण

कारखान्यांतील यंत्रांच्या संदेशवहनाचा इतिहास केवळ तांत्रिक प्रगतीचा इतिहास म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. फील्डबसच्या प्रमाणीकरणाचा वृत्तान्त पाहता ही दृष्टी अपुरी ठरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तापमान, दाब इत्यादींची मापे ४ ते २० मिलिअँपिअर विद्युत्प्रवाहाच्या रूपाने नियंत्रण-कक्षाकडे पाठविण्याची पद्धती रूढ झाली. ती आजही प्रचारात आहे. शून्य मापालाही ४ मिलिअँपिअर प्रवाह वाहत असल्यामुळे तार तुटल्यास ते तत्काळ ध्यानी येते. शिवाय एका उत्पादकाचे उपकरण दुसऱ्याच्या नियंत्रकास जोडता येते. मात्र प्रत्येक उपकरणास तारांची स्वतंत्र जोडी लागते. अनेक उपकरणांचे अंकीय संदेश एकाच तारेवरून नेणारी फील्डबस ही या अडचणीवरील योजना होय. पण तार सामाईक झाली की तीवर संदेश धाडण्याचा अधिकार केव्हा व कोणास, हा प्रश्न उद्भवतो.

याची दोन भिन्न उत्तरे पुढे आली. जर्मनीतील प्रोफिबसमध्ये हा अधिकार टोकनच्या रूपाने एका मुख्य नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे फिरतो व ज्याच्याकडे टोकन असेल तो आपल्या उपकरणांची विचारपूस करतो. फ्रान्समधील फिप योजनेत एक मध्यवर्ती नियामक हव्या असलेल्या मापाचे नाव पुकारतो. ते माप ज्याच्यापाशी असेल तो ते तारेवर ठेवतो आणि गरजू उपकरणे ते एकाच वेळी ग्रहण करतात. दोन्ही विचार आपापल्या जागी सयुक्तिक होते.

आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाने १९८५ च्या सुमारास एकाच प्रमाणाचे कार्य हाती घेतले. चर्चा लांबत गेली, तसतशी निरनिराळ्या योजनांची उपकरणे बाजारात व कारखान्यांत स्थिरावली. कारखान्याची यंत्रसामग्री दशकानुदशके टिकते; म्हणून तीत गुंतलेल्या उत्पादकांना व ग्राहकांना माघार परवडणारी नव्हती. १९९६ मध्ये युरोपीय प्रमाणाने तीन योजना शेजारी शेजारी मान्य केल्या. पुढे १९९९ च्या समझोत्यानंतर आयईसी ६११५८ हे प्रमाण सिद्ध झाले, तेव्हा त्यात परस्परांशी न जुळणारे आठ प्रकार समाविष्ट होते. कालांतराने ईथरनेटवर आधारलेल्या प्रोफिनेट, ईथरकॅट आदी योजनांचीही त्यांत भर पडली.

तात्पर्य, येथे निर्णय समितीतील युक्तिवादाने झाला नाही. विलंबाच्या काळात उभ्या राहिलेल्या यंत्रसामग्रीने तो केला. ४ ते २० मिलिअँपिअर पद्धतीत सहजसाध्य असलेली उपकरणांची अदलाबदल त्यामुळे दुष्कर झाली, आणि भिन्न जाळी जोडण्यासाठी दुभाषी यंत्रे सांभाळण्याचा भार कारखान्यातील अभियंत्यावर येऊन पडला.