हरवलेला खर्ज

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ति काढणारास एक प्रश्न टाळतां येत नाहीं. मूळांत जो दोष आहे तो दुरुस्त करावा, कीं जसाच्या तसा छापावा? हस्तलिखितांच्या संशोधकांस हा पेंच जुनाच आहे. पण ज्या संगीतास आपण केवळ गोंगाट म्हणून दाराबाहेर ठेवतों, त्याच्या तबकड्यांपुढेंहि तो तितक्याच निकडीनें उभा राहिला, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस नवीन वाटेल.

‘थ्रॅश मेटल’ हा विजेच्या गिटारींवर अतिद्रुत लयींत वाजविला जाणारा संगीतप्रकार अमेरिकेंत १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत रूपास आला. १९८१ सालीं लॉस एंजेलिस येथें जेम्स हेटफील्ड व लार्स उलरिक ह्यांनीं स्थापन केलेला ‘मेटॅलिका’ हा संच त्याच्या अग्रणींपैकीं एक. १९८३, १९८४ व १९८६ ह्या सालीं त्याच्या तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांत खर्जाची बाजू, म्हणजे बास गिटार, क्लिफ बर्टन ह्याच्या हातीं होती. ह्या वाद्यानें इतरांस मागून आधार द्यावा एवढीच बहुधा अपेक्षा असते. बर्टननें त्याला स्वतंत्रपणें बोलावयास लावलें. २७ सप्टेंबर १९८६ रोजीं पहांटे स्वीडनमध्यें संचाची बस उलटली आणि वयाच्या २४ व्या वर्षीं तो गेला. महिन्या-दीड महिन्यांतच जेसन न्यूस्टेड त्याच्या जागीं आला आणि दौरा पुढें चालूं लागला. शोकाला सवड अशी मिळालीच नाहीं.

ह्यानंतर १९८८ सालीं निघालेल्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेचें नांव ‘अँड जस्टिस फॉर ऑल’, म्हणजे ‘आणि सर्वांना न्याय’. अमेरिकन नागरिकांच्या निष्ठेच्या प्रतिज्ञेंतील हे अखेरचे शब्द. येथें ते अर्थातच उपरोधानें घेतलेले आहेत. पण खरा उपरोध निराळाच. ढोल कोरडे आणि ठाशीव, गिटारी कातरीसारख्या धारदार. खर्ज मात्र जवळजवळ नाहींच! न्यूस्टेड आरंभापासून अखेरपर्यंत वाजवीत आहे आणि तो ऐकूं येत नाहीं.

दोष तबकडीचा म्हणावा, तर तसें दिसत नाहीं. खर्जाचे स्वर कोरावयास खांच रुंद लागते. एका बाजूवर फार मिनिटें भरलीं कीं खांचा दाटतात व आवाज उतरवावा लागतो, हें खरें. परंतु १९८६ ची मुद्रिका सुमारें ५५ मिनिटांची असून एकाच तबकडीवर बसविलेली होती, तरी तींत बर्टन स्पष्ट ऐकूं येतो. १९८८ ची सुमारें ६५ मिनिटांची. तिला तर दोन तबकड्यांच्या चार बाजू मिळाल्या. दोष होता तो मिश्रणांत, निरनिराळीं मुद्रित वाद्यें परस्परांच्या प्रमाणांत बसविण्याच्या कामांत. हें काम स्टीव्ह थॉम्पसन व मायकेल बार्बिएरो ह्यांजकडे होतें, आणि खर्ज उतरविण्याची सूचना उलरिक ह्यांची होती असें थॉम्पसन ह्यांनीं पुढें मुलाखतींत सांगितलें. दौऱ्यांनीं कान थकले होते, अशीहि सबब संचाकडून पुढें आली. खर्ज बहुतेक ठिकाणीं गिटारीचेच स्वर गिरवीत असल्यामुळें तो तींत बुडाला, हेंहि एक कारण आहे. पण नव्या गड्याचा संचांत बराच छळ झाला हें पुढें संचाच्याच तोंडून बाहेर आलें आहे. आणि ह्याच मुद्रिकेंत बर्टनच्या मागें राहिलेल्या तुकड्यांवर बांधलेली एक रचना आहे. मेलेल्या मित्राची जागा दुसऱ्यानें भरलेली ऐकणें त्यांस सोसवलें नसावें, असें आम्हांस वाटतें. अर्थात् हा आमचा तर्क.

२०१२ सालीं संचानें आपल्या मूळ मुद्रणांचे हक्क परत मिळविले व ‘ब्लॅकन्ड रेकॉर्डिंग्ज’ ही स्वतःची संस्था काढली. मग जुन्या मुद्रिका उजळून पुन्हां व्हायनिलच्या तबकड्यांवर निघूं लागल्या : पहिल्या दोन २०१६ सालीं, तिसरी २०१७ सालीं, आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजीं चौथी. आतां तरी खर्ज परत येईल, अशी पुष्कळांची आशा होती. तो आला नाहीं. ह्या उजळणीस रीमास्टरिंग म्हणतात. तें तयार मिश्रणावर चालतें. एकूण मंद्र भाग थोडा उचलतां येईल, पण एकट्या वादकास पुढें आणतां येत नाहीं. त्यासाठीं सुट्या फितींकडे परत जाऊन मिश्रणच नव्यानें करावें लागतें. कांहीं हौशी श्रोत्यांनीं एका संगणकीय खेळांतून मिळालेल्या सुट्या वाद्यांवरून तसें करूनहि दाखविलें होतें. संचानें मात्र तें केलें नाहीं. मोठ्या पेटींत कच्चीं मिश्रणें व पूर्वतयारीचीं मुद्रणें जोडलीं, आणि मूळ पाठ तसाच ठेवला.

हें योग्य झालें असें आमचें मत आहे. उलट उदाहरण जवळचेंच आहे. १९८३ सालीं ह्याच संचांतून काढून टाकलेले डेव्ह मस्टेन ह्यांनीं पुढें ‘मेगाडेथ’ संच उभारला व २००४ सालीं आपल्या जुन्या मुद्रिकांचें मिश्रण नव्यानें केलें. १९९० च्या ‘रस्ट इन पीस’मधील कांहीं गायन तर त्यांनीं पुन्हां गाऊन बसविलें. चौदा वर्षांनीं वयस्क झालेला गळा तरुणपणच्या गीतांत शिरला, आणि जुना पाठ हवा असलेल्यांस जुन्या प्रती शोधीत हिंडावें लागलें. तबकडी काय किंवा पोथी काय, नवा पाठ जुन्याच्या शेजारीं बसावा. त्याच्या छातीवर नव्हे.

तरी न्यूस्टेडचें देणें राहतेंच. इतिहासाशीं इमान राखण्याची किंमत त्या एकट्यानें भरावी, हें कांहीं बरें दिसत नाहीं. मूळ मुद्रिकेस हात न लावतां, निराळ्या नांवानें, खर्जासहित दुसरें मिश्रण काढण्यास आड येणारें असें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. फिती २०१२ पासून संचाच्याच आहेत; आणि २०२३ सालीं तर व्हर्जिनियांतील ‘फर्नेस’ ह्या तबकड्यांच्या कारखान्यांतील बहुसंख्य हिस्साहि त्यानें विकत घेतला आहे.