कंदिलाच्या उजेडातलं गाणं

श्रोतेहो, पुण्याहून आगगाडीनं सोलापूरकडे निघालात, की जेऊर मागे पडतं आणि कुर्डुवाडीच्या अलीकडे केम हे स्टेशन लागतं. गाव करमाळा तालुक्यातलं. केम म्हटलं, की आधी आठवतं ते कुंकू. हळदीपासून कुंकू करण्यात या गावाच्या पिढ्या गेल्या. तेव्हा केमकरांना रंगाची गोष्ट सांगणं म्हणजे काशीला जाऊन गंगेचं वर्णन करण्यासारखंच आहे. तरी आज ते धाडस करतो. रंगाला उजेडाची आणि उजेडाला गाण्याची जोड आपल्याकडे कशी मिळाली, त्याचा हा इतिहास आहे.

आधी एक लहानसा प्रयोग करून पाहा. काचेच्या तुकड्यावर भिजवलेल्या कुंकवाची जाडसर रेघ ओढा. डोळ्यांना ती लालभडक दिसेल. आता अंधाऱ्या खोलीत काच भिंतीजवळ धरा आणि मागून बॅटरीचा झोत टाका. भिंतीवर काय उमटेल? काळी रेघ! कुंकवाचे कण उजेड अडवतात, म्हणून पलीकडे नुसती सावली पडते. त्याच काचेवर लाल शाई लावली, तर मात्र भिंतीवर लाली पसरते. म्हणजे उजेडाला जो वाट देतो, तोच रंग पडद्यावर रंग म्हणून पोहोचतो.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 साली जे खेळ सुरू केले, त्यांचं मर्म या साध्या गोष्टीतच होतं. विलायतेत ज्याला मॅजिक लँटर्न म्हणत, त्या जादूच्या कंदिलाला त्यांनी भारदस्त नाव दिलं, ‘शांबरिक खरोलिका’. शंबर हा पुराणातला मायावी असुर. त्याच्यावरून शांबरी म्हणजे माया, जादू. पटवर्धनांचे पुत्र विनायक आणि रामचंद्र हेही या उद्योगात होते. काचांवर हातानं बारीक चित्रं रंगवायची, भिंगातून ती मोठी करून पडद्यावर पाडायची, आणि त्याबरोबर निवेदन, संवाद, गाणी व वाद्यं यांनी कथा रंगवायची, असा हा खेळ असे. रामायण-महाभारतातले प्रसंग पडद्यावर येत. एकाहून अधिक कंदील वापरून एक चित्र मावळत असतानाच दुसरं उजळवलं, की पडद्यावरची माणसं हलल्याचा भास होई. भारतात सिनेमा प्रथम दाखवला गेला तो मुंबईत, जुलै 1896 मध्ये. म्हणजे आपली चित्रं त्याच्या चार वर्षं आधीच हलू लागली होती.

हे सारं एकदम आभाळातून पडलं का? नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत दिव्यासमोर चामड्याच्या बाहुल्या नाचवून पडद्यावर सावल्या पाडतात आणि सोबत कथा गातात. ती परंपरा जुनीच होती. शिवाय 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल रंगभूमीवर आलं होतं, आणि मराठी प्रेक्षकाला गात-गात पुढं सरकणाऱ्या कथेची गोडी लागली होती. डोळे तयार होते, कानही तयार होते. पटवर्धनांनी दोहोंना एका पडद्यासमोर बसवलं.

आता मुख्य मुद्दा ऐका. कंदिलातली काच बदलणारा हात माणसाचा असतो. गाणाऱ्यानं एखादी जागा पुन्हा घेतली, तर काच तेवढा वेळ थांबू शकते. श्रोत्यांनी दाद दिली, तर ती आणखी थांबते. इथं चित्र गाण्याची वाट पाहू शकतं. 

पुढं 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तो मूकपट. अशा मूकपटांच्या काळात पडद्याजवळ पेटीवाला नि तबलजी बसत. पण फीत आपल्या गतीनं धावे, आणि वादकानं तिच्याकडे डोळे लावून वाजवायचं. वाट पाहणारा बदलला! मग 1932 साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. कथा तीच हरिश्चंद्राची, पण आता पडदा बोलत-गात होता. नामवंत पेटीवादक गोविंदराव टेंबे यांनी त्याला संगीत दिलं आणि राजाची भूमिकाही केली. गाणं घरोघर पोहोचलं, हा मोठाच लाभ झाला. पण बोलपट आले आणि पडद्याजवळच्या वादकांची बैठक उठली. कित्येकांचा रोजगार गेला. गाणंही फितीवर पक्कं झालं. हजार खेळ झाले, तरी तान तेवढीच, न कमी न जास्त. 

आज काळाचं चाक पुन्हा फिरलं आहे. आता रागदारीच्या काही मैफलींत गवयाच्या मागं मोठा पडदा असतो नि त्यावर यंत्रातून चित्रं सोडतात. कुणी म्हणतं, यानं गाण्याकडचं लक्ष उडतं. कुणी म्हणतं, नवख्या माणसाला रागाचा भाव लवकर कळतो. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. पण माझ्या मते खरा प्रश्न असा, की त्या पडद्यावर वाट कोण पाहतं? चित्रं आधीच मिनिटं मोजून बांधलेली असतील, तर गवयाला त्यांच्या मागं धावावं लागेल, आणि विलंबित ख्यालाचा जीवच जाईल. ख्याल म्हणजे आयत्या वेळी सुचलेल्याला दिलेली मोकळीक. चित्र सोडणारा माणूस मात्र तबल्यासारखा साथीला बसला, तर ती जोड खुशाल असावी.

गुरुजनहो, हे मुलांना शाळेतच दाखवता येईल. पुठ्ठ्याचं खोकं, बॅटरी आणि एक बहिर्गोल भिंग घ्या. पारदर्शक रंगांनी रंगवलेली काच उलटी धरा, कारण भिंग चित्र उलटं पाडतं. काचेच्या कडांना कागदी पट्टी चिकटवायला विसरू नका. एका मुलीला भूप गाऊ द्या, एकाला तीनतालाची टाळी देऊ द्या, आणि काच बदलणाऱ्याला एकच नियम सांगा : समेवर बदल, एरवी थांब. पहिल्या दिवशी तो चुकेल. आठवडाभरात त्याला सम कळू लागेल. आणि सम कळली, की चित्र दाखवणारासुद्धा गाण्यातला माणूस होतो.