शेळी, कोंबडी आणि बाजाराचा कायदा

सहकाराचा इतिहास सांगायचा झाला की आमच्या नगर जिल्ह्याचे नाव अग्रक्रमाने येते. 1950 साली लोणीला सुरू झालेल्या साखर कारखान्याचे गोडवे आम्हीही शाळेत पाठ केले. परंतु याच जिल्ह्यातील पारनेर तालुक्यातले सुपे हे उसाचे नव्हे, दुष्काळाचे गाव. (शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे ते बारामतीकडचे; आमचे नगर-पुणे रस्त्यावरचे.) इथल्या गावकुसाबाहेरच्या माणसाने बाजारात काय नेले? शेळी, करडू, कोंबडी, अंडी. सहकाराच्या इतिहासात या मालाला जागा नाही.

वतनाच्या काळात महाराचा गावच्या ढोरांशी संबंध यायचा तो ते मेल्यावर. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितले, 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली. ती गेली ते बरेच झाले. पण बलुत्याचा दाणा गेला आणि रोख पैशाची गरज मात्र उरली. शेळ्या-कोंबड्या पूर्वीही होत्या, पुष्कळदा दुसऱ्याच्या, अर्धलीने पाळलेल्या. आता शेळी हाच अडीनडीला मोडायचा दागिना झाला.

महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री अधिनियम 1963 सालचा. त्याची अनुसूची मी मुद्दाम वाचली. धान्य, कापूस यांच्याबरोबर गुरे, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या, अंडी हेही त्यात शेतमालच आहेत. म्हणजे शेळीला कायद्याने मान्यता आहे. शेळीवाल्याला आहे काय? बाजार समितीवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी निवडून देतात ते मुख्यतः विविध कार्यकारी सोसायट्यांचे संचालक, काही ग्रामपंचायतींचे सदस्य. सोसायटी पीककर्ज देते, पीककर्जाला सातबारा लागतो. ज्याला सातबारा नाही, तो सोसायटीत नाही आणि म्हणून समितीतही नाही. बंदी कुठेच लिहिलेली नाही. लिहायची गरजच पडत नाही.

मग विक्री होते कशी? मी लहानपणापासून पाहत आलो ती अशी: व्यापारी शेळीच्या पाठीवरून हात फिरवतो, कंबर चाचपतो आणि आकडा बोलतो. काटा नाही, पावती नाही. कांद्याच्या गोणीला काटा आहे, शेळीला नजर. आणि विकणाऱ्याची घाई नजरेला आधीच कळलेली असते. घरात आजारपण आहे, जूनमध्ये पोराची वह्या-पुस्तके घ्यायची आहेत, हे गावात लपत नाही. बाजारातून जनावर परत हाकत न्यायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून पहिला आकडा थोडा वाढवून सौदा तुटतो.

माल बाजारात जाण्याआधी चरायला तर हवा. आमच्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत आणि पुढे नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात चराईबंदी झाली. पाणी वाढले, दूध वाढले, हे मी नाकारत नाही. पण विहिरीचे पाणी विहीरवाल्याच्या शेतात गेले, आणि बांधून घातलेली संकरित गाय चारा पिकवणाऱ्यालाच परवडते. मोकळ्या रानावर जगणारी शेळी मात्र भूमिहीनाची होती. आदर्श गावाच्या हिशेबवहीत विकल्या गेलेल्या शेळ्यांचे पान मला कुठे दिसले नाही.

गाय घेतली तरी प्रश्न सुटतोच असे नाही. 2006 साली ग्रामीण अस्पृश्यतेवर घनश्याम शहा, सुखदेव थोरात आदींचे पुस्तक आले. 11 राज्यांतल्या 565 गावांच्या त्या पाहणीत सुमारे निम्म्या गावांत दलितांना दूध विकण्यास अडथळा आढळला. ज्याचे दूध विटाळते त्याला दुधाळ जनावरासाठी कर्ज देऊन काय साधते?

अंड्याची कथा थोडी निराळी. 1982 पासून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती भाव जाहीर करते. हजारो पक्षी बाळगणाऱ्याला त्याचा आधार झाला. आठ-दहा कोंबड्यांवाल्या बाईचा त्यात समावेश नाही. गावठी अंड्याला पुण्याचे गिऱ्हाईक चढा भाव देते, आणि सुप्यावरून पुण्याची वाहने दिवसभर जातात; पण तेवढी पाच-पंचवीस अंडी गोळा करून नेणारी संस्था नसल्याने ती दाराशी येणाऱ्यालाच विकावी लागतात.

2017 साली बाजार समितीच्या निवडणुकीत शेतकऱ्याला थेट मताचा अधिकार मिळाला. अट होती किमान 10 गुंठे जमिनीची. 2020 मध्ये तोही रद्द होऊन जुनी पद्धत आली. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ वाद झाला. भूमिहीन शेळीवाल्याचे नाव मात्र आधीच्या यादीत नव्हते, मधल्या यादीत नव्हते आणि नंतरच्याही नाही.