खोक्याचं कूळ

काहोन म्हणजे एक लाकडी पेटी. उंची साधारण अर्धा मीटर, मागच्या फळीला वाटोळं भोक, पुढची फळी बाकीच्यांपेक्षा बरीच पातळ. वाजवणारा त्याच्यावरच बसतो आणि किंचित वाकून दोन पायांच्या मधल्या फळीवर हात चालवतो. मध्यावर तळहात पडला की घुमणारा खर्ज निघतो, वरच्या कडेला बोटं आपटली की कोरडा, टणक आवाज. पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये गिटारच्या शेजारी हल्ली हे वाद्य हमखास असतं, कारण तिथे ड्रमसेट मांडायला जागा नसते आणि त्याचा दणका शेजाऱ्यांना सोसत नाही. काहोन मात्र काखोटीला मारून रिक्षातून नेता येतो. त्याचं मूळ गाव आहे पेरू देशाचा पॅसिफिक किनारा: लिमा शहर, त्याला लागून असलेलं काय्याओ बंदर आणि दक्षिणेकडची ऊस-कापसाची शेतं.

त्याच्या जन्माची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. स्पॅनिश मालकांनी आफ्रिकी गुलामांचे ढोल बंद केले. मग गुलामांनी मालाची रिकामी खोकी वाजवायला घेतली आणि मुकादम आला की ते त्याच खोक्यांवर निमूट बसून राहायचे. गोष्ट झकास आहे. मला ती जरा जास्तच झकास वाटते.

ढोलांवरची बंदी ही काही कल्पना नव्हे. उत्तर अमेरिकेत साउथ कॅरोलिनामध्ये 1739 साली गुलामांचं बंड झालं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने त्यांना ढोल आणि शिंगं बाळगायला मनाई केली. पेरूतही निर्बंध होते. पण लिमातल्या काळ्या लोकांची धार्मिक मंडळं होती, सणांच्या मिरवणुकांत ती आपापली वाद्यं घेऊन उतरत. म्हणजे बंदी सरसकट नव्हती. शिवाय बंदीच्या गोष्टीत कर्तेपण सगळं मालकाकडे जातं. त्याने ढोल काढून घेतला म्हणून वाद्य जन्मलं, वाजवणारा बिचारा नाइलाजाने खोक्याकडे वळला, असा तिचा सूर असतो.

मला दुसरं कारण जास्त पटतं. पेरूला येणारे गुलाम सरळ आफ्रिकेतून येत नसत. आधी कॅरिबियन किनाऱ्यावरचं कार्ताहेना बंदर, मग पनामाची चिंचोळी पट्टी पायी ओलांडायची आणि तिथून पुन्हा जहाजाने पॅसिफिक किनाऱ्याने खाली. वाटेत खरेदी-विक्री होत होत लहान लहान टोळ्यांत ते पोचत. क्यूबात किंवा ब्राझीलमध्ये एकाच मुलखाचे लोक मोठ्या संख्येने एकत्र राहिले, त्यामुळे त्यांचे देव टिकले आणि देवांचे ढोलही टिकले. पेरूत तसं जमलं नाही. खोड कोरायचं, कातडं ताणायचं, कोणत्या देवाला कोणता ठेका वाजवायचा हे सांगणारी माणसंच पांगली. उरला तो कान. आणि बंदरावर लाकडी खोक्यांची काय कमतरता?

त्या कानाची करामत काहोनच्या भावंडांत जास्त स्पष्ट दिसते. ‘किहादा’ म्हणजे गाढवाचा जबडा. तो उकळून, वाळवून घेतला की दात हाडाच्या खोबणीत सैल होतात. बाजूवर मूठ मारली की सगळे एकदम खुळखुळतात आणि दातांवरून काडी फिरवली की करकर आवाज येतो. ‘काहिता’ म्हणजे गळ्यात अडकवायची झाकणाची छोटी पेटी. एका हाताने झाकण उघडझाप करायचं, दुसऱ्या हातातल्या काडीने पेटीवर ठोकायचं. चर्चमध्ये दान गोळा करायच्या पेटीशी तिचं नातं लावतात. पांचो फिएरो या लिमाच्या चित्रकाराने 19व्या शतकात रंगवलेल्या सैतान-नाचाच्या मिरवणुकीत ही वाद्यं दिसतात. गाढवाचा जबडा वाजवायला कुणाच्या बंदीची गरज पडली असेल असं मला वाटत नाही.

19व्या शतकाच्या मध्यापर्यंत काहोन लिमाच्या ‘सामाकुएका’ नाचाला साथ करू लागला होता. 1854 मध्ये पेरूत गुलामगिरी संपली, पण वस्त्या तशाच राहिल्या: एका बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या आणि पाण्याचा एकच नळ, म्हणजे आपल्या चाळीसारखाच कारभार. काहोन तिथल्या बारशा-वाढदिवसांत वाजत राहिला. सामाकुएका चिलीत जाऊन ‘चिलेना’ या नावाने परत आली होती. 1879 मध्ये चिलीशी युद्ध पेटलं तेव्हा शत्रूचं नाव नको म्हणून तिचं ‘मारिनेरा’ असं बारसं झालं, नौदलाच्या सन्मानार्थ. नावाच्या बाबतीत हा देश हळवा आहे, हे पुढेही कामी येणार आहे.

20व्या शतकाच्या पूर्वार्धात हे सगळं विरत चाललं होतं. तरुणांना ते गरिबीचं लक्षण वाटे. ते सावरलं निकोमेदेस आणि विक्टोरिया सांता क्रूझ या भावंडांनी. 1950च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींतून गाणी आणि नाच उभे केले. जिथे आठवण तुटली तिथे स्वतःच्या अंदाजाने सांधे भरले. ‘लांदो’ नावाचा नाच तर बराचसा असाच पुन्हा घडवलेला आहे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी यावर नाकं मुरडली. मला मात्र वाटतं की काहोनला रंगमंचावर मधोमध बसवण्याचं श्रेय या सांधे भरण्यालाच आहे. 1969 मध्ये रोनाल्दो कांपोस यांनी ‘पेरू नेग्रो’ हा संच काढला, आणि त्यातले काइत्रो सोतो काहोनवादक म्हणून देशभर गाजले.

1977 मध्ये स्पेनचे फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिया लिमात आले. स्पॅनिश राजदूतांच्या घरच्या मेजवानीत पेरूच्या गायिका चाबुका ग्रांदा गात होत्या आणि साथीला काइत्रो सोतो होते. फ्लामेंकोत तोवर ताल सांभाळायचे टाळ्या आणि नाचणाऱ्यांच्या टाचा. बोंगो, कोंगा लावून पाहिले जात होते, पण चामड्याचा ओलसर घुमारा त्या संगीतात उपराच वाटे. लाकडी फळीवर आपटलेली टाच आणि लाकडी फळीवर आपटलेला हात यांच्या आवाजांत मात्र सख्खं नातं होतं. पाकोंनी ते त्याच रात्री ओळखलं, पेटी स्पेनला नेली आणि आपल्या संचातल्या रूबेम दांतास या ब्राझिलियन तालवादकाच्या हाती दिली. काही वर्षांतच काहोनशिवाय फ्लामेंकोचा कार्यक्रम ऐकायला मिळेनासा झाला, इतका की पुष्कळांना तो मूळचा स्पेनचाच वाटू लागला.

पेरूला हे झोंबणारच. 2001 मध्ये सरकारने काहोनला राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा जाहीर केलं. सांता क्रूझ भावंडांचे पुतणे राफाएल, जे स्वतः काहोनवादक होते, त्यांनी 2004 मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे लिमात काहोनचा महोत्सवही सुरू केला. 2014 मध्ये अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेनेही तो पेरूचा असल्याचं मान्य केलं. स्वतः पाको दे लुसियांनी त्याचं मूळ कधीच लपवलं नव्हतं. लिमाच्या त्या रात्रीची हकीकत ते मुलाखतींत सांगत.

स्पेनमध्ये पेटीत एक भर पडली. पुढच्या फळीच्या आतल्या बाजूला गिटारच्या तारा किंवा ड्रमच्या स्प्रिंगसारख्या तारा टेकवतात, त्यामुळे प्रत्येक थापेला एक सरसर आवाज चिकटून येतो. पेरूतले जुने वादक त्या तारांना हात लावत नाहीत. त्यांना आवाज निखळ लाकडाचा हवा असतो. वरच्या कोपऱ्यांतले स्क्रू थोडे ढिले ठेवून फळी फटकन वाजेल एवढी सोय त्यांना पुरते. आपल्याकडच्या दुकानांत मिळणारे बहुतेक काहोन तारांचेच असतात. घ्यायला गेलात तर वरच्या कोपऱ्यावर हलकी थाप मारून पाहा: सरसर आली तर तो स्पेनच्या शाखेचा, नुसतं लाकूड बोललं तर लिमाचा.